मामांची ‘कोसला’

‘कोसला’ मी औरंगाबादच्या होस्टेलात वाचली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती आणि आमच्याकडची बरीच पोरं कॉलेजला औरंगाबादच गाठायची. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची. पण मेस, उधाऱ्या, रिकाम्या गप्पा, सगळं आमच्याच मजल्यावरचं. सुरुवातीला त्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’नं डोकं उठलं. गोष्ट कुठं सुरू होते तेच कळेना. मग एकानं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि आम्ही हसून लोळलो. नायक पांडुरंगाच्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी मात्र वाचणाऱ्याचा आवाज बसला. पुढचं ज्यानं त्यानं एकेकट्यानं वाचलं.

सुट्टीत पुस्तक वसमतकडे, मामांच्या गावी नेलं. हळद शिजवून वाळत घातलेली होती आणि मामा राखणीला तिथंच झोपायचे. खांडेकर-फडके वाचलेला माणूस, दहा पानांत टाकून देईल असं वाटलं. त्यांनी बॅटरीच्या उजेडात सगळी वाचली.

‘‘पोरगं हुशार हाय, पण बापाचा पैसा मातीत घातला की रं त्यानं!’’

मी पांडुरंगाची बाजू घेऊन तावातावानं भांडलो. मामा एकेक हळकुंड मोडून बघत होते. कडकन मोडलं की वाळलं. मोडता मोडता म्हणाले, ‘‘पैसा धाडणाऱ्याला इचार की.’’

पुढं समीक्षा वाचल्या, त्यातलं परात्मतेचं वगैरे पटलंही. आता मी स्वतः मुलाला पैसे पाठवतो. तरी ‘कोसला’ म्हटलं की मला आधी हसूच येतं. मामांचंही ठरलेलं. नेमाड्यांना २०१४ चं ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा मी फोन केला, तर म्हणाले, ‘‘त्या बापाचं पुढं काय झालं, लिव्हलं का त्यांनी?’’

म्हणून नेमाड्यांचीच ‘हिंदू’ नेऊन दिली. २०१० साली आलेली, सहाशेच्या आसपास पानांची. मी सुरुवातीच्या मोहेंजोदडोच्या उत्खननातच कितीतरी दिवस अडकलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं, नायक खंडेरावाचं गाव मोरगावसुद्धा मला खणून काढल्यासारखंच दिसत राहिलं. मामांना सांगितलं, ती पानं सोडा. खंडेराव मरणाला टेकलेल्या बापासाठी घरी निघतो तिथून धरा. कादंबरी पहिल्या पानापासूनच वाचावी म्हणणाऱ्यांना हे खपणार नाही. मामांना खपलं. मोरगावची शेती, भाऊबंदकी त्यांना पाठ आहे. मोहेंजोदडोची पानं मात्र अजून कोरी करकरीत. ‘‘ते तू वाचलंस ना, बास,’’ म्हणतात.