बांधावरचा कडूपणा

शेताचा बांध दोन फूट सरकला आणि तो पाचशे फूट लांब असला, तर जमीन किती जाते? हजार चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे पुरता गुंठाही नाही. कोरडवाहू कापसाचं एकरी सहा क्विंटल उत्पन्न धरलं, तरी त्या पट्टीत पंधरा किलो कापूस निघत नाही. एवढ्यावरून आमची दोन घरं एकमेकांशी बोलायची थांबली, आणि ते न बोलणं पुढच्या पिढीकडे आलं.

आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात. काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्याकडे मोसंबी. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली झाला ते जांब याच तालुक्यात, त्यामुळे ‘मनाचे श्लोक’ आम्हाला लहानपणीच पाठ. क्रोध आणि मत्सर टाकून दे, असं मनाला विनवणारे ते श्लोक म्हणत आम्ही भावंडं शाळेला निघायचो आणि काकांचं घर आलं की मान फिरवायचो. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांच्या माना फिरताना पाहिल्या होत्या, तेवढं पुरलं.

बांध एका रात्रीत सरकत नाही. नांगर वळवताना दरसाल चार बोटं आत येतो. बांधावरची बोर-बाभळ आधी तुटते, मग गवत जातं, शेवटी माती. याला बांध कोरणं म्हणतात. आजोबांनी वाटणी केली तेव्हा त्या बांधावरून बैलगाडी जायची. मी शाळेत असताना तिथून एका माणसाला पाऊल जपून टाकत जावं लागे. माझे वडील, अण्णा, संध्याकाळी शेतातून आले की पाय धुता धुता एकच वाक्य बोलायचे : “मागितला असता तर अख्खा एकर दिला असता. इचारलं न्हाई, त्येच डाचतं.” तेव्हा मला वाटायचं, अण्णा मोठेपणा दाखवतात. ते अक्षरशः खरं बोलत होते, हे कळायला माझ्यावर वेळ यावी लागली.

विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आणि वीज मिळायची रात्री. त्यामुळे मोटार कुणी कधी चालू केली यावरून वर्षाकाठी दोनचार भांडणं ठरलेली. २०१२-१३ चा दुष्काळ आला. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यांत आमचीही गेली आणि काकांचीही. दोघांनी आपापली झाडं आपापल्या हातांनी तोडून सरपणाला घातली. विहीर आटली, तंटा आटला नाही.

भावकीत वैर कितीही असलं तरी सुतक सगळ्यांना लागतं. आजी गेली तेव्हा दोन्ही घरांनी दहा दिवस सुतक पाळलं. अण्णा आणि काका दहाव्याला नदीवर शेजारी शेजारी बसले, दोघांनी डोकं मुंडवलं. जुन्या माणसांनी ही रीत फार समजून लावली असावी. तुटलेल्यांना निदान एका जागी तरी आणते. पण रीत माणसाला शेजारी बसवू शकते, बोलायला लावू शकत नाही. अकराव्या दिवशी काका मागच्या वाटेने घरी गेले.

पुढे अण्णांनी हद्दीची मोजणी आणली. लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आले, खुणा ठरल्या आणि नकाशाची ‘क’ प्रत हातात पडली. बांध सरकला होता, हे कागदावर आलं. खुणा पटल्या, माणसं पटली नाहीत. उलट, हरल्याचा सल आता काकांकडे गेला आणि चुलतभावांनी आमच्या घराकडे बघणं सोडलं. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती आणि तेव्हापासून असे तंटे गावात बसूनच मिटवण्याची वाट मिळाली होती. आमचा तंटा तिथवर गेला नाही, कारण आधी कोणी जायचं हेच ठरेना.

मग माझी पाळी आली. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने आणि देशभरात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तरी अण्णांच्या माघारी मला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणं आलं. कागद तयार होता, साक्षीदार बसले होते. बोटाने जागा दाखवली, मी सही केली. जमीन मला नकोच होती. तरी परतताना जालन्याच्या बस स्थानकावर घशाशी काही तरी अडकलं आणि ते कित्येक वर्षं तिथेच राहिलं. माहेरी जायची, जेवायची, भाच्यांना जवळ घ्यायची, पण भावाशी बोलताना शब्द मोजून यायचे.

एका दिवाळीत मी त्याला ते सांगितलं. तो गोंधळला. म्हणाला, “ताई, तू नाही म्हणणारच नव्हतीस, म्हणून विचारलं नाही.” मी म्हटलं, “नाही म्हणणार नव्हते, म्हणूनच विचारायचं होतंस.” बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने सातबारा आणला आणि गट नंबर, क्षेत्र, कुठल्या तुकड्यात काय आहे, हे पहिल्यांदाच मला समजावून सांगितलं. सही मी मागे घेतली नाही. घशातलं मात्र सुटलं.

म्हणून मला खात्रीने वाटतं, कडूपणाचं मूळ नुकसानात नसतं. नुकसान माणूस सोसतो; दुष्काळात बागा गेल्या, त्याबद्दल कुणी कुणाचा डूख धरला नाही. गृहीत धरलेलं माणूस विसरत नाही. शेतकऱ्यांच्या जमिनींचे ताबे किमान बारा वर्षं एकमेकांकडे असतील, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करायची सोय सरकारने २०२३ मध्ये सलोखा योजनेत केली. पण त्यालाही दोघांची संमती लागते, म्हणजे एकाने दुसऱ्याला आधी विचारावंच लागतं.

तेव्हा या उन्हाळ्यात नांगरट लागायच्या आधी, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या भावाला बांधावर बोलवा. वाटणी करणारी म्हातारी माणसं हयात आहेत तोवर बोलवा, कारण मूळ हद्द त्यांनाच ठाऊक असते. आणि बहिणीची सही घ्यायची असेल, तर कागद लिहून घेण्याआधी तिला विचारा आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबा.