आजची सही नको

“कामाला या, फक्त मस्टरवर सही करू नका.” दर सहा महिन्यांनी हे ऐकायची सवय झाली होती. कंत्राट संपलं की एक दिवसाचा ब्रेक, दुसऱ्या दिवशी नवा आदेश. सलग सेवा दिसता कामा नये, एवढ्यासाठी.

मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात लिपिक. हॉलतिकिटं, बैठक क्रमांक, निकालातल्या दुरुस्त्या. कायमवाल्यांचं तेच माझं काम, पगार निम्म्याहून कमी. त्याचंही एवढं नाही. पण तो ब्रेक! एकदा तो ऐन निकालाच्या धांदलीत आला. मस्टरवर माझ्या नावापुढे लाल आडवी रेघ, आणि मी नेहमीच्या टेबलावर गुणांच्या दुरुस्त्या करतेय. बाहेर मुलांची रांग. मी कक्षाधिकाऱ्यांना विचारलं, “साहेब, मी तर आज गैरहजर. मग या दुरुस्त्यांवर आद्याक्षरं कुणाची टाकू?” ते हसले. “राहू द्या, मी टाकतो.” आणि खरंच, संध्याकाळी बसून माझ्या सगळ्या कामावर त्यांनी आपली आद्याक्षरं टाकली. माणूस वाईट नव्हता. मुलाची फी अडली तेव्हा न मागता पैसे दिले होते त्यांनी. पण ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा 1971 चा कायदा आहे. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी ठेवणं ही त्याच्या चौथ्या अनुसूचीत सरळ अनुचित प्रथा म्हटली आहे. तक्रारीची मुदत मात्र 90 दिवस. आणि तक्रार केली तर पुढचा आदेश निघेल याची हमी कोण देणार?

फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यभर विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, मग 20 तारखेपासून बेमुदत संप. मागण्या रास्तच होत्या: 10, 20, 30 वर्षांच्या सेवेनंतरची आश्वासित प्रगती योजना, सातव्या वेतन आयोगातून सुटलेले 1410 कर्मचारी, थकबाकी. मी संपाचं पत्रक दोनदा वाचलं. आमच्या ब्रेकबद्दल त्यात एक ओळ सापडली नाही.

संप सुरू असताना आतून निरोप आला, कंत्राटींनी हजर राहून काम सांभाळावं. फाटकाशी बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, “ताई, आत गेलात तर आमच्या पोटावर पाय.” दुसरा लगेच म्हणाला, “जाऊ दे रे त्यांना, त्यांचं कंत्राट जाईल.” पहिल्याचा राग आला, पण दुसऱ्याची दया जास्त झोंबली. मी आत गेले नाही. दुपारपर्यंत त्यांच्या सतरंजीवर बसले, घोषणाही दिल्या. त्या दिवसाचा पगार गेला.

संप मिटला. पुढच्या मुदतीला पुन्हा ब्रेक. कंत्राटावर नव्याने लागलेल्या मुलींना मी सांगते, आदेशाच्या झेरॉक्स घरी ठेवा, अर्ज द्याल तर आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका, ब्रेकच्या दिवशी केलेल्या कामाचा काहीतरी लेखी पुरावा ठेवा. संघटनेचं मात्र कळत नाही. कायमवाल्यांच्या संपात आपल्याला काय मिळणार, असं मी तावातावाने म्हणते, आणि वर्गणीचं पुस्तक फिरलं की शंभर रुपये काढून देते.