आईचे बोट

एखाद्याला एखादी गोष्ट जमत नाही असे आपण किती चटकन म्हणून टाकतो! मीही म्हटले, आणि तेही आईला. त्याचीच ही हकिगत.

संक्रांतीच्या सुट्टीत मी घरी, इचोड्याला, गेलो होतो. आपल्या महाविद्यालयात हे नाव पुष्कळांनी ऐकलेले नसेल. आदिलाबादहून निर्मलकडे निघाले की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ते लागते. १९५६ साली आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला. घरातली मराठी मात्र जागची हलली नाही. दुकानात तेलुगू, बाजारात गोंडी आणि चुलीपुढे मराठी, असा आमचा संसार. कापसाची वेचणी संपत आली होती आणि केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेचे वेध लागले होते.

बरोबर माझा लॅपटॉप होता. जुना, कुणीतरी वापरून विकलेला. त्यावर मी लिनक्स घातले आहे. लिनस टोर्व्हाल्ड्स याने फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना १९९१ साली ज्याचा पाया घातला, तेच हे. ते फुकट मिळते, आणि त्याचे पोट उघडून पाहण्याची कुणालाही मुभा असते. ही मुभा किती मोलाची आहे हे तोवर मला ठाऊक नव्हते.

आई बचत गटाचा हिशेब ठेवते. तिचे माहेर पैनगंगेपलीकडचे. तिथल्या मराठी शाळेत ती सातवीपर्यंत शिकली. एका संध्याकाळी वही घेऊन ती शेजारी बसली आणि म्हणाली, "हा हिशेब त्याच्यात मांडता येते का रे?" मला आनंद झाला. मी रकाने आखले आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

तिने टचपॅडवर बोट ठेवले. पडद्यावरचा बाण हलेना. तिने दाबून फिरवले. बाण जरासा सरकला आणि थांबला. मी बोट ठेवले, तर बाण सुरळीत धावला. पुन्हा तिने ठेवले; पुन्हा तेच. तीन-चार वेळा असे झाल्यावर मी म्हणालो, "तुला जमत नाही आई. राहू दे, मी करून देतो."

तिने हात पदराला पुसला. "माह्या बोटाईतच जीव नाही राह्यला बाप्पा. तिकडची मशीनबी अंगठा घेत नाही."

त्याच आठवड्यात एका ठिकाणी यंत्राने तिचा अंगठा तीनदा नाकारला होता आणि ती रिकामी पिशवी घेऊन परत आली होती. हे मला तेव्हा प्रथम कळले.

रात्री मी लॅपटॉप घेऊन बसलो. बाणाचा वेग वाढवून पाहिला. टचपॅडवर नुसती टिचकी मारून क्लिक करण्याची सोय माझ्या लॅपटॉपवर मुळात बंद होती. ती चालू केली. सकाळी आईने बोट फिरवले, तर बाण होता तिथेच. मग शेजाऱ्यांकडून माउस मागून आणला. माउसच्या पोटात दिवा असतो आणि तो खालचा पृष्ठभाग पाहत असतो. वर हात कुणाचा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तो आईच्या हातात चालला, पण बाण सुसाट पळू लागला. हात वेगाने हलला की बाणाने हाताच्या मानाने जास्तच पळावे, अशी मूळची योजना असते. ती बदलून 'जेवढा हात तेवढाच बाण' अशी केली, तेव्हा जमले. पण आमच्या घरी टेबल नाही. गोधडीवर माउस अडखळतो. शिवाय तो उसना, परत द्यायचा होता.

शेवटी वसतिगृहातल्या माझ्या कानडी खोलीमित्राला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "बेरळु यारदु?" म्हणजे बोट कुणाचे? वेग वाढवलास, टिचकी तपासलीस, ती कुणाच्या बोटाने? मी म्हटले, माझ्या. तो हसला. म्हणाला, "मग यंत्र तुझ्याच मापाचे होणार. तिचे बोट मोज."

मोजता येते! लिनक्समध्ये माउस आणि टचपॅड सांभाळणारा लिबइनपुट नावाचा भाग आहे. त्याच्या मापनाच्या आज्ञेने प्रत्येक स्पर्शाचा आकडा पडद्यावर दिसतो. माझा आकडा आला ५५ ते ६०. आईचा २० ते २४. आणि माझ्या यंत्राचा उंबरठा होता ३०. त्याच्या वर आकडा गेला तरच बोट टेकले असे ते मानत होते.

त्या आकड्याला 'दाब' म्हणतात, पण तो जोराचा आकडा नव्हे. टचपॅडखाली बारीक तारांची जाळी असते आणि बोट जवळ आले की तिथली विद्युतस्थिती बदलते. मऊ, ओलसर, पसरून टेकणाऱ्या बोटाने ती जास्त बदलते. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाने कमी. कापसाच्या बोंडांची वाळलेली टोके वर्षानुवर्षे टोचून आईची बोटे तशी झालेली. तिने कितीही नीट बोट ठेवले तरी यंत्राच्या लेखी ते टेकलेलेच नव्हते.

लिबइनपुटच्या फाइलीत तीन-चार ओळी लिहून मी उंबरठा ८ वर आणला. तो फारच खाली गेला; बोट नुसते वरून गेले तरी बाण थरथरू लागला. मग १५ केला, आणि बोट उचलल्याची खूण १२ वर ठेवली. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला.

आईने भीतभीत बोट ठेवले. बाण निघाला. पहिल्या रकान्यापाशी जाऊन थांबला. तिने गटातल्या पहिल्या बाईचे नाव वहीत पाहिले आणि एकेक कळ शोधत आकडा लिहिला. "तुला जमत नाही" हे माझे वाक्य मागे घ्यायला मी तोंड उघडले, तेवढ्यात तिनेच विचारले,

"त्या अंगठ्याच्या मशीनमध्येबी अशी ओळ लिहिता येते का रे?"

मी खरे ते सांगितले. ते यंत्र आपल्याला उघडता येत नाही, आणि तिथे अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या आहेत, त्या ओळ लिहून परत येणार नाहीत. पुढच्या वेळी मी बरोबर येईन, एवढेच म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि दुसऱ्या रकान्याकडे वळली.