मधला पैसा

आकडे खोटे बोलत नाहीत, असे मोठी माणसे सांगत आली आहेत. सांगोत बापडी! ते खोटे बोलत नसतील, पण अर्धे बोलून गप्प बसतात एवढे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. गणिताशी माझी शेवटची भेट दहावीच्या परीक्षेत झाली. ती फारशी गोडीची नव्हती. तरी काळाने सूड उगवला. गेली काही वर्षे निकालपत्रके संगणकावरच्या चौकटींच्या कागदावर, म्हणजे स्प्रेडशीटवर, करावी लागतात. एका चौकटीत गुण भरावेत, दुसरीत सूत्र लिहावे, की तिसरीत टक्के आपोआप हजर! पंगतीत वाढप्याने न मागता जिलबी वाढावी तसे.

पण पहिल्याच वर्षी त्या टक्क्यांनी मला घाबरवले. सहाशेपैकी गुण, त्यामुळे भागाकार सुटता सुटेना. कुणाचे 71.5, कुणाचे 78, तर कुणाचे 66.666 करीत थेट रकान्याच्या कुंपणापर्यंत. रकाना उघडावा तर मिरवणुकीतली पोरे जशी वेडीवाकडी उभी राहतात तसे ते आकडे उभे. शेजारच्या तरुण शिक्षकाने मला दोन चिमुकली बटणे दाखवली. त्यांवर शून्ये आणि बाण काढलेले. एक दाबले की दशांश चिन्हापुढचे एक घर कमी होते, दुसरे दाबले की एक वाढते. मी पहिले बटण मनसोक्त दाबले. सगळे आकडे कसे पूर्णांकी, गोटीसारखे गुळगुळीत झाले. मला वाटले, सुधारणा ती हीच.

आता आमच्या गावात एका कापडदुकानदाराने आपल्या आईच्या नावाने ठेव ठेवली आहे. सातवीत पंच्याऐंशी टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकल. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा सहा किलोमीटरवर. तेव्हा सायकल म्हणजे नुसते बक्षीस नव्हे, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

गेल्या एप्रिलात मी निकाल केला. वस्तीवरच्या एका मुलीपुढे टक्के उमटले होते 85. शेजारच्या चौकटीत, जिथे यंत्राने पात्र की अपात्र ते सांगायचे, तिथे मात्र 'अपात्र'! मी म्हटले, यंत्र बिघडले. सूत्र पुसून स्वतःच्या हाताने 'पात्र' लिहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिचे नाव जाहीर केले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

यंत्र बिघडले नव्हते. आठ दिवसांनी आमच्या कारकूनबाईंनी ते दुसरे बटण दोनदा दाबले आणि 85 च्या जागी 84.67 उभे राहिले. मुलीला सहाशेपैकी 508 गुण होते. पंच्याऐंशी टक्क्यांना लागतात 510. मी बटणाने आकडा बदलला नव्हताच. त्याचा फक्त अंगरखा बदलला होता. आत तो होता तसाच, शेपटासकट होता. तुलना करताना यंत्र आतला आकडा बघते, माणूस वरचा अंगरखा बघतो. आकडा खरोखरच छाटायचा असेल तर त्याचे निराळे सूत्र असते. दाखवणे निराळे आणि असणे निराळे. कादंबरीकाराला हे कुणी शिकवायला हवे होते काय?

त्या रात्री मला आजोबांची आठवण झाली. त्यांचे किराण्याचे दुकान होते. 1957 सालच्या 1 एप्रिलला चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तेव्हाची ही गोष्ट वडील सांगत. एक आणा म्हणजे खरे तर सव्वासहा नवे पैसे, कोष्टकात सहा. दोन आणे साडेबारा, कोष्टकात बारा. तीन आणे पावणेएकोणीस, कोष्टकात एकोणीस. आजोबांना पावकी-सवायकी तोंडपाठ. ते म्हणत, "चार गिऱ्हाइकांनी एकेक आणा दिला तर चोवीस पैसे, एकाने चार आणे दिले तर पंचवीस. मग मधला पैसा कुणाचा?" तीन आण्यांच्या व्यवहारात जो पाव पैसा वर येई त्याचा हिशेब ते वहीच्या मागच्या पानावर ठेवीत. चार पाव झाले की एक पैसा डब्यात. दिवाळीला त्या डब्यातून गल्लीतल्या पोरांना फुलबाज्या मिळत. त्यांना कळत होते की जे दिसत नाही तेही कुणाचे तरी असते.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. मुलीची आई शेणी थापत होती. वडील बाजेवर बसले होते. मी सगळे सांगितले. कुणी काही बोलले नाही. मग ती मुलगीच म्हणाली, "सर, मी घरी भागाकार केला होता. चौऱ्याऐंशीच येत होते. मला वाटलं, माझंच चुकलं. तुम्ही सांगितलं होतं ना."

वाचकहो, इतकी वर्षे मी वर्गात उभा राहतो आहे. इतका खाली मान घालून कधी उभा राहिलो नव्हतो. तिचे गणित बरोबर होते आणि माझ्या शब्दाखातर तिने ते खोडून टाकले होते.

नियम तो नियम. ठेवीतली सायकल मिळाली नाही. पण मधला पैसा माझ्या अंगावर होता. जिन्याखाली माझी जुनी सायकल गंजत पडली होती. तिला टायर-ट्यूब घातले, साखळी बदलली आणि शाळा उघडायच्या आत वस्तीवर नेली. वडील फुकट घेईनात. शेवटी दहावी झाल्यावर परत करायची, या बोलीवर घेतली.

परवा दिवाळीच्या सुट्टीआधी ती पोर रस्त्यात भेटली. म्हटले, "काय, सायकल बरी चालते ना?"

"चालते की, सर. फक्त घंटा नाही तिला." आणि मग डोळे बारीक करून म्हणाली, "म्हणजे चौऱ्याऐंशी पूर्णांक सदुसष्ट."

पाडव्याच्या आत घंटा घ्यायला हवी.