भराव

घरामागचा पोहण्याचा तलाव बुजवतोय असं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "पाणी बुजवू नये रे."

"अगं, विहीर नाही ती. सिमेंटचा हौद आहे. खाली झराबिरा काही नाही."

"मग इतकी वर्षं काय राखत बसला होतास?"

याला उत्तर नव्हतं. क्लोरिन, आम्ल, गाळणीचा पंप, त्या पंपाची वीज. सॅन होजेतल्या या घरात पोरं पोहायला शिकली आणि शिकून लांब गेली. त्यानंतर त्या पाण्यात पानांशिवाय कोणी उतरलं नाही. मी तर नाहीच. मोहोळजवळच्या आमच्या विहिरीत काकांनी पाठीला डबा बांधून ढकललेला मी. मे महिना सोडला तर त्या विहिरीचा तळ कोणी पाहिला नव्हता. सदा तळ दिसणाऱ्या निळ्या पाण्यात मन रमलं नाही, एवढं खरं.

तलाव काजूच्या आकाराचा. १९४८ साली सोनोमात थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने डॉनेल कुटुंबासाठी असा वळणदार तलाव आखला आणि मग कॅलिफोर्नियाभर परसापरसांत काजू उगवले. आमचा साठच्या दशकातला, म्हणजे नकलेची नक्कल.

काम बघायला तिघं आले. पहिल्याने सगळं काँक्रीट उपटून न्यायचा भाव सांगितला. ऐकूनच चहा थंड झाला. दुसरा फार स्वस्त, पण निम्मे पैसे आधी मागत होता. इथल्या कायद्याने घराच्या कामाला १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली लहान रक्कमच आगाऊ घेता येते. त्याला नमस्कार केला. तिसरा मूळचा मेक्सिकोचा, साठीचा. त्याने तलावाकडे पाहिलंच नाही. अंगणभर फिरला आणि विचारलं, "पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे जातं?" काम त्याला दिलं.

पाऊण लाख लिटर पाणी उपसायला दीड दिवस लागला. तेही रस्त्याकडेच्या गटारात सोडायचं नाही, कारण ते गटार थेट ओढ्याला मिळतं. क्लोरिनचं पाणी घराच्या सांडपाण्याच्या नळातून. मग ब्रेकर आला. मला वाटलं होतं, आता माती ओतायची की झालं. पण आधी तळाला भोकं पाडावी लागतात, भिंतींचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग फोडावा लागतो. भोकं न पाडता भरलं तर पावसाळी पाणी आतच तुंबतं आणि अंगणाखाली चिखलाची परात तयार होते. शहराचा माणूस येऊन भोकं बघून गेला, तेव्हाच भराव टाकायची परवानगी मिळाली.

पहिलं भोक आरपार गेलं तेव्हा खालून ढेकूळ वर आलं. काळं. हातात घेतलं, थुंकी लावून चोळलं (चारचौघांत करू नये, पण केलं), तर बोटांना चिकटलं. आमच्या शेतासारखीच चिकण माती, ओली झाली की फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. कारखाने येण्याआधी या खोऱ्यात जर्दाळूच्या बागा होत्या, हे वाचून माहीत होतं. तलावाच्या काठाला वर्षानुवर्षं तडे का जात होते, तेही आता कळलं. इतकी वर्षं लिंपत बसलो आणि खालची जमीन आपली श्वास घेत होती.

त्यानंतर फोडलेलं काँक्रीट तळाशी, वर माती, थरावर थर, प्रत्येक थर चोपून. ९ ट्रक लागले. धुम्मस यंत्राचा होता, आवाज मात्र तोच. घर विकायचं झालं तर इथे तलाव पुरलेला आहे, असं लिहून द्यावं लागेल.

आईने विचारलं, "आता काय लावणार?" म्हटलं, बघू.

पहिल्या मोठ्या पावसात मधली जमीन दोन बोटं खचली आणि गवतात पुन्हा काजू उमटला. त्या म्हाताऱ्याने कुंपणाच्या कोपऱ्यात अर्धा ट्रक माती आधीच राखून ठेवली होती.