‘येतो’ म्हणजे केव्हा?

लोकसाहित्याच्या संकलनपद्धतीविषयी लिहिताना आपण गावात प्रवेश कसा करावा, निवेदकाचा विश्वास कसा संपादन करावा, ध्वनिमुद्रणास केव्हा आरंभ करावा, याचा पुष्कळ ऊहापोह करतो. निरोप कसा घ्यावा, याविषयी मात्र वर्गात सहसा कोणी बोलत नाही. गाणी मिळाली की क्षेत्रकार्य आटोपले, असे जणू गृहीतच धरलेले असते. पदव्युत्तर वर्गातील सहा विद्यार्थ्यांसमवेत मॉरिशसमध्ये बारा दिवस काढल्यानंतर मला हा प्रश्न पद्धतिशास्त्राइतकाच भाषेचाही वाटू लागला आहे.

१८३४ पासून पुढे सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर करारावर या बेटात उसाच्या मळ्यांसाठी आणले गेले. बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले तुलनेने थोडे, आणि त्यांत कोकणातली माणसे पुष्कळ. आज त्यांच्या वंशजांच्या घरात क्रिओल बोलली जाते. मराठी शाळेत शिकवली जाते, देवळात ऐकू येते. मोका येथे १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे अध्यापन होते. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. ‘झाकरी’ हा त्यांचा नाचगाण्याचा प्रकार; कोकणातल्या जाखडीशी त्याचे नाते नावातच उघड आहे. झाकरीची आणि बायकांच्या गाण्यांची नोंद करणे, एवढेच आमचे मर्यादित उद्दिष्ट होते.

पश्चिमेकडील कास्कावेल हे मराठी वस्तीचे गाव. चहूकडे ऊस, मागे डोंगर. त्या परिसरात आम्हाला भेटलेल्या एका वृद्धेचे वय ऐंशीच्या पुढे होते. विद्यार्थी त्यांना पहिल्या दिवसापासून आजीच म्हणू लागले. आजी गात मराठीत आणि बोलत क्रिओलमध्ये. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर त्या अर्थ सांगत नसत. ती ओळ पुन्हा गाऊन दाखवीत, आणि आता तरी कळले ना, अशा मुद्रेने आमच्याकडे पाहत. शब्दार्थ हरवूनही गाण्याचा अर्थ अबाधित राहू शकतो, हे सौंदर्यशास्त्राच्या तासाला पटवून देणे मला आजवर जमले नव्हते. त्यांची नात शाळेत मराठी शिकवते. आमच्या दुभाष्याचे काम तीच करीत असे.

शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांनी आजींना नमस्कार केला. त्यांनी तिघी मुलींच्या पदरात, म्हणजे ओढणीत, तांदूळ आणि नारळ घातला. एक विद्यार्थी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे म्हणाला, “येतो, आजी.” नातीने ते जसेच्या तसे क्रिओलमध्ये सांगितले. आजींचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच विचारले, “की झूर?” म्हणजे, कोणत्या दिवशी?

आपल्याकडे दारातून निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ मानले जाते. लहान मूल तसे म्हणाले तर त्याला थांबवून ‘येतो म्हणावे’ असे शिकवले जाते. या ‘येतो’मधला काळ कोणता, हे कोणी विचारत नाही, कारण ते विधान नसून संकेत आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. क्रिओलमध्ये निरोप घेताना ‘सलाम’ म्हणतात, आणि त्यात परतण्याचा भाग नाही. तेव्हा आमचे ‘येतो’ आजींच्या कानी संकेताचे कवच गळून पडलेले असे पोचले. उरले ते निखळ वचन.

त्या संध्याकाळी आम्ही पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर होतो. २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेली ही जागा. बोटीतून उतरलेले मजूर येथल्याच दगडी पायऱ्या चढून बेटावर आले. आरंभी करार पाच वर्षांचे होते आणि परतीचा प्रवास मोफत होता. पुढे ती तरतूद काढून घेण्यात आली. मुंबईच्या धक्क्यावर वा गावच्या वेशीवर निघताना ही माणसे काय म्हणाली असतील, याची नोंद अर्थातच कोठे नाही. परंतु मराठी माणूस ‘येतो’ याखेरीज दुसरे काय म्हणणार? काही जण परतलेही. बाकीच्यांचे ‘येतो’ ऐकणाऱ्यांनी किती वर्षे तारखेचा हिशेब केला असेल? विरहाच्या ओव्या शिकवताना आपण ‘परदेशी गेलेला भाऊ’ ही एक कल्पनारूढी म्हणून बाजूला ठेवतो. मी स्वतः तसे यापुढे करू शकेन, असे वाटत नाही.

आजींच्या प्रश्नाला त्या विद्यार्थ्याने दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते. त्याने तारीख दिली नाही आणि हसून विषयही टाळला नाही. “मी येईन की नाही ते सांगता येत नाही, पण गणपतीच्या आधी तुमची गाणी लिहून पाठवीन,” असे त्याने नातीकरवी सांगितले. आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग, अक्षर मोठे असू दे, एवढेच म्हणाल्या. ध्वनिमुद्रणाची एक प्रत आम्ही त्यांच्या घरी ठेवलीच होती. मृत्यूप्रसंगीचे एक गाणे त्यांनी गायले, पण यंत्र बंद करायला लावून. ते आमच्या संग्रहात नाही, आणि असूही नये.

गाणी वेळेत गेली. सुमारे महिन्याने नातीचे उत्तर आले. तिने ती आजींना मोठ्याने वाचून दाखवली होती. सातव्या गाण्यात एक शब्द ध्वनिमुद्रणात अस्पष्ट होता. विद्यार्थ्याने तेथे ‘वाट’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले होते. आजींच्या मते तो शब्द ‘घाट’ आहे. हा घाट सह्याद्रीचा की पोर्ट लुईचा, हे त्यांना विचारल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा गाऊन दाखवली, असे नातीने कळवले आहे. लघुप्रबंधात प्रश्नचिन्ह काढून ‘घाट’ हा पाठ स्वीकारला आहे, आणि टीप मोकळी ठेवली आहे.