दगडावरचा पैरा

चैत्र सरत आला की आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीला ठसका लागतो. गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात, डंकावर नंबर लागतात. वर्षाची चटणी करायचे हे दिवस. बाहेरगावची माणसं तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. आम्ही नुसतं चटणी म्हणतो. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मग धणे, तीळ, खसखस, खोबरं, लवंग, नागकेशर. या भारदस्त मंडळींत कागदाच्या पुडीत अंग चोरून बसलेलं असतं दगडफूल. वजन जवळजवळ नाहीच. वरून राखी, खालून काळं, जळक्या कागदाच्या कपट्यांसारखं. लहानपणी मी ते हुंगून बघायचो.

"आत्ता न्हाई यायचा वास," आई म्हणायची. "तेलात पडू दे आधी."

हे फूल नव्हेच, हे मला फार उशिरा कळलं. त्याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. विज्ञान त्याला शैवाक म्हणतं. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला हा संसार. बुरशी आपल्या तंतूंनी वर-खाली आवरण विणते आणि मधल्या थरात शैवालाच्या हिरव्या पेशींना जागा देते. पाणी धरून ठेवायचं, उन्हाचा ताप अडवायचा, दगडाला नाहीतर झाडाच्या सालीला घट्ट धरायचं, ही कामं तिची. शैवाल उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा बुरशीला देतं. प्रयोगशाळेत बुरशी वेगळी वाढवली, तर तिचा बेढब गोळा होतो. तो पाकळीसारखा घाट तिला शैवालाच्या सोबतीनेच येतो.

1860च्या दशकात सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे दुहेरीपण मांडलं, तेव्हा त्याला बुरशी मालक वाटली आणि शैवाल तिचे गुलाम. पुढे 1879 मध्ये अँटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाच्या पुस्तिकेतून सहजीवनाची कल्पना रूढ झाली. मला मात्र आमच्याकडचा शब्द आठवतो: पैरा. एका बैलाच्या धन्याने दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी जोडी जमवायची; आज तुझ्या रानात औत, उद्या माझ्या. पैऱ्यात दोन्ही बैल सारख्या ताकदीचे असतात असं नाही. पण एका बैलावर औत चालत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. 2016 मध्ये तर काही शैवाकांच्या सालीत यीस्टही सापडलं. पैऱ्याला तिसरा गडी निघाला!

हे सगळं कळल्यापासून पन्हाळ्याच्या तटाचे दगड, दाजीपूरच्या जंगलातली खोडं मी थांबून बघतो. त्यांच्यावरचे राखी-हिरवे चट्टे म्हणजे असेच जमलेले पैरे. कित्येक शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. धुरातला गंधक वायू हवेत वाढला की त्यांतले नाजूक प्रकार आधी मरतात. तळहाताएवढा चट्टा व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात; नखाने खरवडायला क्षण पुरतो. म्हणून बरोबरच्या पोरांना मी सांगतो, हात लावू नका, बघा फक्त.

परवा आमची चटणी झाली. एवढी मोठी कढई आमच्या घरात नाही, ती दरवर्षी शेजारच्या काकूंकडून येते. तेल तापलं, आईने मूठभर दगडफूल सोडलं आणि रानातल्या ओल्या लाकडासारखा, धुरकट, खोल वास घरभर पसरला. ना बुरशीचा, ना शैवालाचा, दोघांच्या संसाराचा.

संध्याकाळी कढई घासून परत न्यायला मी उचलली, तशी आईने हाक मारली.

"रिकामी न्हेऊ नगंस," ती म्हणाली आणि कढईत चटणीची वाटी ठेवली.